नकाराचे मानसशास्त्र



सामूहिक हत्याकांडाची बातमी आली की आपल्या, म्हणजे मानसशास्त्राच्या, व्यवसायातल्या माणसाला हमखास विचारले जाते : मारणारे वेडे होते का? एकट्या माथेफिरूच्या गोळीबाराची गोष्ट वेगळी. मी आज बोलणार आहे ते हुकमाने, गटाने केलेल्या हत्यांबद्दल. तिथे ‘वेडे’ हे उत्तर टिकत नाही.

दुसऱ्या महायुद्धातले एक उदाहरण घेऊ. १३ जुलै १९४२. हांबुर्गच्या १०१ क्रमांकाच्या राखीव पोलीस बटालियनला पहाटे पोलंडमधल्या युझेफूफ गावी आणले गेले. सुमारे पाचशे माणसे, बहुतेक मध्यमवयीन. कोणी गोदी कामगार, कोणी ट्रकचालक, कोणी कारकून. मेजर विल्हेल्म ट्राप यांनी हुकूम सांगितला : धडधाकट ज्यू पुरुष कामासाठी वेगळे काढायचे, बायका, मुले, म्हातारे यांना गोळ्या घालायच्या. सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. मग ते म्हणाले, वयस्क जवानांपैकी ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी पुढे यावे.

दहा-बारा जण पुढे आले. त्यांनी बंदुका जमा केल्या, त्यांना दुसरे काम मिळाले. बाकीच्यांना बटालियनच्या डॉक्टरने नेम कुठे धरायचा ते समजावले : संगीन मानेवर टेकवायची आणि चाप ओढायचा. दिवसभरात सुमारे दीड हजार जीव गेले. रात्री जवानांना जेवण गेले नाही, दारू मात्र भरपूर रिचवली गेली.

१९६० च्या दशकात या जवानांच्या जबान्या झाल्या. त्यांवरून इतिहासकार क्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी १९९२ मध्ये ‘ऑर्डिनरी मेन’ हे पुस्तक लिहिले. त्या जबान्यांत द्वेषापेक्षा लाजेची भाषा अधिक दिसते. सगळ्यांदेखत भित्रा ठरायचे नव्हते. शिवाय आपण बाजूला झालो तर आपल्या वाट्याचे घाणेरडे काम सोबत्यांवर पडणार. ज्यांनी नकार दिला त्यांतले अनेकही ‘हे चूक आहे’ असे म्हणाले नाहीत; ‘माझे मन कच्चे आहे’ म्हणाले.

द्वेष नव्हता असे मात्र नाही. कित्येक वर्षांच्या प्रचाराने ज्यूंना माणुसकीच्या कुंपणाबाहेर लोटलेच होते. म्हणून सोबत्यांची लाज वाटली, समोरच्या मुलाची वाटली नाही. पुढे सवय झाली. कामाची वाटणी झाली : कोणी वेढा घालायचा, कोणी गाडीत कोंबायचे. जो तो आपल्या तुकड्यापुरता जबाबदार. १९४३ अखेरपर्यंत या एका बटालियनने किमान ३८,००० माणसांना गोळ्या घातल्या.

हुकूम मानण्याची ही वृत्ती प्रयोगशाळेतही तपासली गेली. येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ मध्ये सुरू केलेले प्रयोग आपण सगळेच शिकवतो : प्रयोगकर्त्याच्या हुकमावरून दुसऱ्या माणसाला विजेचे वाढते झटके द्यायचे. ४० पैकी २६ जणांनी सर्वांत तीव्र झटक्याचे शेवटचे बटण दाबले, हे विद्यार्थ्यांना पाठ असते. पण त्याच मालिकेत दोन सोबत्यांनी मध्येच काम थांबवले, तेव्हा ४० पैकी ३६ जण थांबले. हा आकडा आपण फारसा सांगत नाही. आज्ञापालन जसे संसर्गजन्य आहे, तसा नकारही आहे.

परिस्थितीचा दाब समजावून सांगितला की गुन्हेगाराला सूट मिळते, असा आक्षेप घेतला जातो. मला तो मान्य नाही. दहा-बारा जण बाजूला झाले आणि त्यांचे काही बिघडले नाही; म्हणूनच बाकीच्यांचा दोष अधिक गडद होतो. निःशस्त्र माणसांना मारायला नकार दिला म्हणून जबर शिक्षा झाल्याचे एकही प्रकरण युद्धानंतरच्या खटल्यांत बचावाच्या वकिलांना सिद्ध करता आले नाही.

तेव्हा या परिषदेपुढे माझे मागणे एकच आहे. आपण क्रौर्याचा अभ्यास पुष्कळ केला, आता नकाराचा करू या. पोलीस, सैनिक, शिक्षक, डॉक्टर यांच्या प्रशिक्षणात अन्याय्य हुकमाला ‘नाही’ म्हणण्याचा सराव असावा, आणि तो गटाने व्हावा. पहिला नकार देणाऱ्याच्या शेजारी तत्काळ दुसऱ्याने उभे राहायचे, हे शिकवता येते. आपल्या अभ्यासक्रमांत ते आले पाहिजे. त्याचा मसुदा करायला या परिषदेने एक समिती नेमावी, असा प्रस्ताव मी अध्यक्ष म्हणून मांडतो.