चामड्याचं म्यान आणि कार्यानुभवाचा तास
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी बजावलं होतं की पाच मिनिटं बोला, पण नोकरी आणि मुलांचे मार्क हे विषय नकोत. त्यामुळे सॉफ्टवेअरपासून तुमची सुटका झाली. मी चामड्यावर बोलणार आहे. गेली तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी मी चामड्याच्या वस्तू हातानं शिवते. पाकीट आणि पट्टा झाल्यावर यंदा एक म्यान केलं.

माझ्या भावाची द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची गोडी छाटणी, दिवसभर हातात सिकेटर. ते खिशात ठेवलं की खिसा फाटतो, कमरेला खोचलं की टोचतं आणि वेलीखाली ठेवलं की सापडत नाही. सिनेमातला इन्स्पेक्टर पिस्तूल अडकवतो तसं पट्ट्यातलं म्यान दादाला हवं होतं.

त्यासाठी पर्सचं मऊ चामडं चालत नाही. ते बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं आणि दिलेला आकार धरून ठेवत नाही. म्यानाला झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं चामडं लागतं. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, तसं. मी तीन मिलिमीटर जाडीचं घेतलं. आधी कागदावर आकार काढला, मग चामडं कापलं आणि कोमट पाण्यात भिजवलं. ओलं असताना ते सिकेटरभोवती बोटांनी दाबत बसवायचं. त्याआधी सिकेटरला प्लॅस्टिक गुंडाळायचं, कारण चामड्यातल्या टॅनिनला लोखंड लागलं की काळा डाग पडतो. मग सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं तर ते कडक होऊन तडकतं. वाळल्यावर मात्र तो आकार कायमचा.

जिथे पात्याची धार येते तिथे दोन थरांमध्ये चामड्याचीच एक पट्टी घालतात, म्हणजे धार टाक्यांपर्यंत पोचत नाही. तळाशी एक भोक ठेवतात, पाणी आणि काडीकचरा निघून जायला.

शिवण ही यातली खरी विद्या. एकच दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. शिलाई यंत्राचा टाका एका जागी तुटला की पुढे उसवत जाऊ शकतो. इथे एक बाजू झिजून तुटली तरी दुसरी धरून ठेवते. महत्त्वाची गोष्ट एकाच आधारावर सोडू नये, हे आम्हाला इंजिनिअरिंगला शिकवलं. चर्मकारांच्या हातांना ते पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

व्हिडिओ पाहून बरंच समजतं, पण शिवण माझ्या हातात बसवली ती बसस्थानकाजवळ बसणाऱ्या एका चर्मकार काकांनी. रापी कशी धरायची, आरी किती तिरकी घालायची, दोऱ्याला मेण किती लावायचं, हे त्यांनी गिऱ्हाईक सांभाळत दाखवलं. एकदा म्हणाले, "ताई, तुम्ही हौसेनं करता म्हणून लोक कौतुक करतात. माझ्या पोराला मी आरीला हात लावू दिला नाही."

त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी शिवलेलं पाकीट ऑफिसात टेबलावर दिसलं की सगळे म्हणतात, "हँडमेड? किती सुंदर!" तोच टाका काका घालतात तेव्हा लोक दहा रुपयांसाठी घासाघीस करतात. माझ्या हातात ती कला, त्यांच्या हातात ती जात. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांसाठी. चपलेला मान मिळाला. ती करणाऱ्या माणसाला तो मिळणं अजून बाकी आहे.

आपल्या वर्गातही काहींच्या घरी रापी-आरी होती. त्यांच्यापैकी एकानं मला परवा सांगितलं की शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात तो दरवर्षी 'मजुरी' लिहायचा. त्याला विचारूनच हे सांगते आहे. नाव सांगणार नाही. कार्यानुभवाच्या तासाला आपण कागदाची फुलं केली, खडू केले, मुलींनी भरतकाम केलं. त्याच्या वडिलांना येत होतं ते यातल्या कशाहूनही अवघड होतं, आणि ते आपल्याला कोणी दाखवलं नाही.

म्हणून एक सुचवते. शाळेसाठी आपण निधी जमवतो आहोत. त्यातला थोडा भाग कार्यानुभवासाठी राखून ठेवू या. वर्षातून काही दिवस चर्मकार, सुतार, कुंभार यांना शाळेत बोलवायचं, आणि तेही प्रात्यक्षिकापुरतं नाही, शिक्षक म्हणून, योग्य मानधन देऊन. मी काकांना विचारलं आहे. ते यायला तयार आहेत. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पोरं मला सर म्हणतील का?"

बाई, सर, ते तुमच्यावर सोपवते. म्यान मागच्या टेबलावर आहे, जेवणाआधी जरूर हातात घेऊन पाहा. शेजारी वही ठेवली आहे. ज्यांना हे पटलं त्यांनी आपलं नाव आणि आकडा लिहावा.