उंबरठ्यापलीकडचे घर

(अहिल्यानगर शहरातील जुन्या पेठेत झालेल्या नागरिकांच्या बैठकीतील भाषण)



घरांची निगा, गल्लीची स्वच्छता आणि त्यासंबंधीचे महापालिकेचे नियम या विषयावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केले आहे. आरंभी माझ्याच घराचा एक दोष आपणांपुढे मांडतो.

याच शहरात आमचा माळवदाचा वाडा होता. आजोबांच्या हयातीत दर उन्हाळ्यात माळवदावर पांढरी माती पडे, ती चोपली जाई, पन्हळी मोकळ्या होत. आजोबा गेले. वाटण्या झाल्या नाहीत आणि घरटी माणसे मात्र पांगली. रस्त्याकडील भिंतीने पोट काढले, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची नोटीस आली. आम्ही चुलत भावांनी ती एकमेकांना वाचून दाखवली. भिंत माझ्या वाट्याला येणार नसेल तर खर्च मी का करावा, हा प्रत्येकाचा प्रश्न होता. श्रावणातल्या एका पहाटे ती भिंत रस्त्यावर आडवी झाली. दोन तासांनी तिथूनच शाळेची मुले जायची होती. कोणास इजा झाली नाही. यात आमचे काही कर्तृत्व नव्हते, ती परमेश्वराची कृपा होती.

त्या दिवसानंतर मी कायदा वाचला. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार, कोसळण्याच्या बेतात असलेली इमारत पाडण्यास, सावरण्यास किंवा दुरुस्त करण्यास आयुक्त लेखी नोटिशीने मालकास वा भोगवटादारास सांगू शकतात. कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षे उलटलेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घेणे बंधनकारक आहे. आपल्या पेठेतील किती घरे या वयाची आहेत, हे आपण मनाशी मोजावे. किती जणांनी तपासणी केली, हेही मोजावे.

भाडेकरू आणि घरमालक यांच्या भांडणातही पुष्कळ वाडे खचले. भाडे नाममात्र म्हणून मालक हात लावत नाही आणि घर आपले नाही म्हणून भाडेकरू खिळाही ठोकत नाही. वस्तुतः महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम १४ ने दुरुस्तीचे कर्तव्य मालकावर ठेवले आहे. त्याने हेळसांड केल्यास भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः दुरुस्ती करावी आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश मर्यादेपर्यंत खर्च वळता करून घ्यावा, अशी सोयही त्यात आहे. भिंतींवर जाहिराती रंगवून त्या विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ चा स्वतंत्र कायदा आहे. ओला, सुका व घातक कचरा घरातच वेगळा ठेवण्याची जबाबदारी २०१६ च्या केंद्रीय नियमांनी आपल्यावर टाकली. सारांश, नियमांचा दुष्काळ नाही.

मग उणीव कशाची? उत्तरासाठी दूर जावे लागत नाही. आपल्याच नगर तालुक्यातील हिवरे बाजार पाहा. ग्रामपंचायतींचा १९५८ चा अधिनियम या गावाला लागू आहे, तोच शेजारच्या गावांनाही आहे. रस्त्यावरील अतिक्रमण हटवण्याचा अधिकार त्याने सर्वच पंचायतींना दिला आहे. तरीही हिवरे बाजारच्या गल्ल्या पाहण्यासाठी माणसे लांबून येतात. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा हे गाव दुष्काळाने आणि व्यसनाने ग्रासले होते. गावाने ग्रामसभेत बसून कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान ही बंधने स्वतःवर घालून घेतली. ज्याने हात वर करून नियम संमत केला, त्याला तो मोडताना शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागतो. दंडाच्या पावतीपेक्षा ही नजर अधिक प्रभावी ठरते.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचा आरंभ तर एका पडक्या वास्तूपासूनच झाला. १९७५ मध्ये गावी परतलेल्या श्री. अण्णा हजारे यांनी सैन्यातील सेवेतून मिळालेला पैसा यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धारास लावला. त्या मंदिराची लाकडेही पूर्वी दारूच्या भट्ट्यांत गेली होती, असे सांगतात. सर्वांची असलेली वास्तू एकाने सावरली आणि मग गाव हळूहळू सरसावले. २०००-०१ मध्ये राज्यात सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाचे बळही लोकसहभाग हेच होते.

खेड्यांना ग्रामसभा आहे, आम्हा शहरवासीयांना काय, असे कोणी विचारील. आपली गल्ली हीच आपली ग्रामसभा, असे मी म्हणेन. माझ्या तीन सूचना आहेत. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गल्लीतील सर्वांनी एकत्र फिरून धोकादायक भिंती, तुंबलेल्या गटारी आणि रस्त्यावर पडलेला राडारोडा यांची यादी करावी. वाटण्या अपूर्ण असलेल्या वाड्यांच्या वारसांनी हक्काचा वाद न्यायालयात खुशाल चालू द्यावा, परंतु डागडुजीसाठी समान वर्गणी काढावी आणि ज्याने जे दिले त्याची लेखी नोंद ठेवावी. तिसरी सूचना अशी की, एखाद्या घरात एकाकी वृद्धा असेल, ऐपत नसेल, तर तिला नोटिशीच्या भरवशावर सोडू नये. तिची पन्हळ साफ करणे हे गल्लीचे काम आहे.

२०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. १७२५ मध्ये याच जिल्ह्यातील चोंडी येथे जन्मलेल्या त्या मातोश्रींनी काशीपासून अनेक तीर्थक्षेत्री घाट, मंदिरे, धर्मशाळा उभ्या केल्या, मोडकळीस आलेल्या सावरल्या. स्वतःच्या राज्याबाहेरची वास्तूही त्यांनी परकी मानली नाही. आपण तर आपल्याच उंबरठ्यापलीकडच्या दहा पावलांविषयी बोलत आहोत.

आमच्या वाड्याची ती भिंत आम्ही चौघांनी अखेर बांधली. खर्च पूर्वीपेक्षा तिप्पट आला. तुमची भिंत उभी असतानाच हा हिशेब करा, एवढीच विनंती करून मी थांबतो.