आधी गिऱ्हाईक, मग बाग



पडेगावहून दौलताबादकडे निघालं की आपण द्राक्षांच्या फार जुन्या मुलखात शिरतो. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादला आला होता. इथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात, अशी नोंद त्यानं केली आहे. आजचा बागायतदारही वर्षातून दोनदा कात्री चालवतो, एप्रिलमध्ये खरडछाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. पीक मात्र एकच धरतो. द्राक्ष पिकवणं आपल्याला कुणी शिकवायला नको. पिकवलेलं विकायचं कुणाला, इथं आपलं घोडं अडतं. म्हणून आज एका आयरिश घराण्याची हकिकत सांगणार आहे.

थॉमस बार्टन हा आयर्लंडच्या उत्तरेकडचा, फर्मेना परगण्यातला. जन्म १६९५चा. नशीब काढायला तो फ्रान्सला गेला आणि १७२५ मध्ये बोर्दो बंदरात त्यानं वाइनची पेढी घातली. द्राक्षबाग मात्र विकत घेतली नाही, आणि त्याला कारण होतं. त्या काळच्या फ्रेंच कायद्यानं परदेशी माणूस वारला की त्याची मालमत्ता राजाच्या खजिन्यात जाई. मग मुलाबाळांसाठी तिथं जमीन घ्यायची कशाला? थॉमसनं मळेवाल्यांकडून वाइन घेतली, मुरवली आणि समुद्रापलीकडच्या आपल्या माणसांना विकली. जमीन घेतली ती मायदेशी, टिपरेरीत. तिकडे त्याला 'फ्रेंच टॉम' म्हणत. १७८० मध्ये तो वारला. पेढीचं नाव तोवर चांगलं झालं होतं.

पुढे फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. १७९३ मध्ये थॉमसचा नातू ह्यू याला परदेशी म्हणून तुरुंगात टाकलं. सुटका होताच तो आयर्लंडला गेला. मागे पेढी सांभाळली दानिएल गेस्टिये या फ्रेंच माणसानं. ह्यूनं ते उपकार वाया जाऊ दिले नाहीत. १८०२ मध्ये दोघांची रीतसर भागीदारी झाली आणि पाटी लागली 'बार्टन आणि गेस्टिये'. परक्या मुलखात धंदा करणाऱ्याला असा एक भरवशाचा स्थानिक माणूस लागतोच. या साऱ्या हकिकतीत मला गेस्टिये सर्वांत मोठा वाटतो.

बाग आली ती त्यानंतर. १८२१ मध्ये ह्यूनं सां-झ्युलियां गावातली लांगोआ ही मालमत्ता घेतली आणि १८२६ मध्ये शेजारच्या लेओव्हिल या मोठ्या बागेचा एक हिस्सा. म्हणजे पेढी निघाल्यावर ९६ वर्षांनी घराण्याची स्वतःची बाग झाली! लेओव्हिलच्या हिश्शाबरोबर वाडा काही आला नाही, त्यामुळे त्या बागेची वाइनही लांगोआतच तयार होऊ लागली. १८५५ मध्ये बोर्दोच्या दलालांनी बाजारातल्या भावावरून बागांची प्रतवारी लावली, तेव्हा लेओव्हिल-बार्टन दुसऱ्या श्रेणीत बसली आणि लांगोआ तिसऱ्या.

आता आपल्याकडे पाहा. नारायणगावला शाम चौगुले यांनी १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रानं फेसाळ वाइन काढली. 'ओमर खय्याम' नावानं ती परदेशात गेली, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, करात सवलती दिल्या. विंचूर आणि पलूसला वाइन पार्क निघाले. शेतकऱ्यांनी शिराझ, शेनिन ब्लाँ अशी वाइनची वाणं धडाक्यानं लावली. २००८ मध्ये जगभर मंदी आली, नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाइनचा खप बसला. वाइनची द्राक्षं खाण्याच्या बाजारात चालत नाहीत. मणी बारीक, आत बिया. कित्येकांनी उभ्या बागा काढून टाकल्या. चौगुल्यांची कंपनीही कर्जात बुडाली. त्या शेतकऱ्यांची मेहनत कुठंही कमी पडली नव्हती. लागवड गिऱ्हाइकाच्या पुढे धावली होती, आणि धोरण आखणाऱ्यांनी ते आधी पाहायला हवं होतं.

नाशिकचे राजीव सामंत यांची 'सुला' ही वाइन कंपनी त्या काळातून तरली. तिथं २००५ मध्येच पाहुण्यांना बागेत बोलावून वाइनची चव द्यायला सुरुवात झाली होती. ज्यांनी आयुष्यात वाइन तोंडाला लावली नव्हती, त्यांच्यातून सामंतांनी गिऱ्हाईक घडवलं. माझ्या मते थॉमस बार्टनची वाट हीच.

बार्टन घराण्याची मूळ पेढी पुढे सीग्रॅम कंपनीकडे गेली. बागा मात्र त्यांनी विकल्या नाहीत, तुकडेही पाडले नाहीत. १९५१ मध्ये अँथनी बार्टन आयर्लंडहून काका रोनाल्ड यांच्या हाताखाली शिकायला आले. काकांनी कारभार सोपवला तो १९८३ मध्ये. बत्तीस वर्षं या पुतण्यानं वाट पाहिली! बोर्दोचे भाव आकाशाला भिडले त्या वर्षांतही अँथनी वाजवी दरानं विकत राहिले, आणि जुनी गिऱ्हाइकं धरून राहिले. २०२२ मध्ये ते वारले. त्यांची मुलगी लिलियन हिनं कुटुंबासह २०११ मध्ये जवळच्या मुलिस गावात मोव्हेझां ही आणखी एक बाग घेतली. त्या बागेच्याही नावापुढे आता बार्टन लागलं आहे.