पक्षी, चौकट आणि कात्री



आजचा विषय वरवर पाहता हौशी मंडळींचा वाटेल. पक्ष्यांची नि वन्य प्राण्यांची छायाचित्रे कशी बांधावीत आणि मागाहून ती किती कातरावीत, यावर तासभर बोलण्याजोगे आहे तरी काय, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु आकुर्डी-निगडीहून रविवारी पहाटे कॅमेरा घेऊन रावेतला पवनेच्या काठी किंवा घोराडेश्वराच्या डोंगरावर जाणारी तरुण मंडळी आज थोडी नाहीत. त्यांची चित्रे आपणां सर्वांच्या फोनवर येतात, आणि आपल्या नदीविषयीची नि रानाविषयीची आपली समजूत बरीचशी त्या चित्रांवरच बनते. म्हणून चौकटीत काय ठेवले आणि काय कापले, याची चौकशी सर्वांनीच करणे योग्य होय.

प्रथम व्यवहाराची बाजू पाहू. या सभेत लेथवर हात बसलेली पुष्कळ मंडळी असतील. जॉब कापताना माप आधी थोडे जास्त ठेवतात. कारण धातू काढता येतो, घालता येत नाही. छायाचित्राचेही तसेच आहे. उडत्या बगळ्याच्या पंखाचे टोक चौकटीबाहेर राहिले, तर ते पुन्हा आणता येत नाही. म्हणून टिपताना चौकट सैल ठेवावी आणि घरी बसून सावकाश कापावे. मात्र या कापण्यालाही हिशेब आहे. २४ मेगापिक्सेलचे चित्र सामान्यतः ६००० ठिपके रुंद आणि ४००० ठिपके उंच असते. रुंदी व उंची दोन्ही निम्म्यावर आणल्या, तर ठिपके चौथाईच उरतात, म्हणजे ६० लाख. इंचाला ३०० ठिपके या मापाने छापले, तर ती प्रत दहा इंच रुंद होईल. दोन्ही बाजू एकतृतीयांशावर आणल्या, तर जेमतेम २७ लाख ठिपके उरतात आणि प्रत पावणेसात इंचांहूनही किंचित कमी भरते.

आता रचनेकडे वळू. पक्षी ज्या दिशेला पाहतो त्या बाजूस जागा अधिक सोडावी; नाहीतर तो भिंतीकडे तोंड करून बसल्यासारखा दिसतो. कॅमेरा त्याच्या डोळ्याच्या पातळीवर न्यावा. शेपटी किंवा पाय अर्धवट तोडू नयेत. हे नियम उपयोगी आहेत आणि सरावाने अंगवळणी पडतात. परंतु ते पाळून झाल्यावरही एक प्रश्न उरतो, तो असा की, पक्ष्याभोवतीचे जग ठेवावे की कापून टाकावे?

आपल्या पवनेचेच उदाहरण घेऊ. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या पक्षी उथळ पाण्यात चालताना मोठा देखणा दिसतो. त्याच्याभोवती जलपर्णी असते, सांडपाण्याचा फेस असतो, प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात. सारे कापून एकटा शेकाट्या ठेवला, की चित्र सुंदर होते आणि पाहणारा म्हणतो, "वा! आपली नदी अजून किती स्वच्छ आहे!" वास्तविक शेकाट्या घाण पाण्यातही चरतो; त्याच्या असण्यावरून पाणी निर्मळ ठरत नाही. त्या चित्रात खोटे असे काही घातलेले नसते, तरी पाहणाऱ्याची समजूत खोटी होते.

दुसरे उदाहरण माळढोकाचे. सोलापूरजवळ नान्नजच्या परिसरात १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. तरी आज तेथे त्याचे दर्शन दुर्मीळ झाले आहे. माळ नांगरले गेले, पडीक म्हणून वापरात आले, आणि पक्ष्याला जागा उरली नाही. त्याच्या नावातच माळ आहे. चौकट भरून नुसता माळढोक दाखवला, तर पिसांचा तपशील कळेल. पण विस्तीर्ण गवतात लहानसा दिसणारा माळढोक पाहिला, की त्याला काय लागते आणि आपण काय घालवले, हे एका दृष्टीत समजते.

कातरलेला भाग शास्त्राच्याही कामाचा असतो. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचे वनाधिकारी रानवाटेवर तार लावून ठेवीत. वाघाचा पाय तारेला लागला, की प्रकाश चमके आणि वाघ आपले चित्र आपणच काढी. ती चित्रे १९२७ साली त्यांच्या पुस्तकात प्रसिद्ध झाली. पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखता येतो, हे त्यांनी त्यावरून दाखवले. आजची व्याघ्रगणनाही याच खुणेवर चालते. अशा चित्रातून केवळ रुबाबदार मुखडा ठेवून कूस कापली, तर तो वाघ कोणता, हे सांगणेच कठीण होते.

जगातील प्रमुख छायाचित्रण संस्थांनी निसर्गचित्राची जी व्याख्या मान्य केली आहे, तीत कातरण्यास मुभा आहे. चित्रातील वस्तू पुसणे, हलवणे किंवा नवी घालणे यांस नाही. 'नॅशनल जिओग्राफिक'ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर, आडवे चित्र उभ्या पानात बसावे म्हणून, इजिप्तचे पिरॅमिड संगणकाने जवळ आणले होते. त्यावर मोठी टीका झाली. मग फेस पुसणे वाईट आणि कापणे चांगले, एवढ्यावर समाधान मानावे काय? नियमाने दोहोंत अंतर आहे. पाहणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम मात्र कधी कधी एकच असतो.

टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यागोट्यांत अंडी घालते. भर उन्हात ती पोटाची पिसे भिजवून आणते नि अंड्यांवर बसून ती गार ठेवते. ठिपके कमी पडतात म्हणून आपण दहा पावले पुढे गेलो, की ती उठते, पंख पसरून आकांत करते, आणि अंडी उन्हात उघडी पडतात. त्या आकांताचे चित्र चौकट भरून कापले, तर ते "टिटवीचा आवेश" म्हणून वाखाणले जाईल! तो आवेश छायाचित्रकाराच्या पावलांनी आणला, हे त्या चौकटीत कोठेच दिसणार नाही. अशा वेळी चित्र न घेता मागे फिरावे, हेच उत्तम.

तेव्हा कात्री टाकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. मध्येच आलेली आगंतुक काडी, कोपऱ्यातला पांढरा डाग, वाकडे झालेले क्षितिज, हे खुशाल कापावे. पण ज्यावर पक्षी जगतो किंवा ज्यामुळे मरतो, ते कापताना हात थोडा थांबावा. मूळ चित्र जपून ठेवावे; जवळच्या चित्राशेजारी एक लांबचे चित्रही दाखवावे, आणि खाली स्थळ नि तारीख लिहावी. आज रावेतच्या काठी घेतलेली अशी चित्रे वीस वर्षांनी नदी सुधारली की बिघडली, हे ठरवताना उपयोगी पडतील. त्यांत फेसही असू द्यावा.