अंधुक प्रतिमेतील सत्य



उतईच्या बाजारात घाईने टिपलेले छायाचित्र असो वा अवकाशातील दुर्बिणीने घेतलेले ताऱ्याचे चित्र, अंधुकपणाचे स्वरूप तत्त्वतः एकच असते. दृश्यातील प्रत्येक बिंदूचा प्रकाश आपल्या जागी न राहता आसपास पसरतो आणि शेजारच्या बिंदूंच्या प्रकाशात मिसळून जातो. या पसाऱ्याचा आकार ठाऊक असेल, तर गणिताच्या साहाय्याने उलट वाट चालून मूळ दृश्याच्या जवळ जाता येते.

1990 साली हबल दुर्बीण अवकाशात गेली, तेव्हा तिच्या 2.4 मीटर व्यासाच्या आरशाची कड सुमारे 2 मायक्रॉनने अधिक सपाट घासली गेल्याचे उघडकीस आले. ताऱ्याच्या प्रकाशाचा जेमतेम 15 टक्के भाग मध्यभागी एकवटत होता. 1993 च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी हा दोष दूर केला. तोपर्यंत शास्त्रज्ञांनी रिचर्डसन (1972) आणि ल्यूसी (1974) यांनी मांडलेल्या पद्धतीचा आश्रय घेतला. तेजस्वी वस्तूंची चित्रे तिने रेखीव केली. अत्यंत मंद वस्तूंच्या बाबतीत मात्र तिची मात्रा फारशी चालली नाही.

असे का व्हावे? प्रतिमेत प्रकाशाबरोबर यादृच्छिक चढउतारही नोंदले जातात. जवळजवळ पुसले गेलेले बारकावे वाढवू जाता हे चढउतारही तितकेच वाढतात.

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथील विशाल रेडिओ दुर्बिणीलाही अशाच प्रश्नाला तोंड द्यावे लागते. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तिच्या 30 थाळ्या सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. थाळ्यांमधील जागा रिकामी असल्याने त्यांच्या 435 जोड्यांनी जुळविलेल्या चित्रात प्रत्येक रेडिओस्रोताभोवती खोट्या छटा उमटतात. स्वीडनचे यान हॉग्बोम यांनी 1974 मध्ये मांडलेल्या पद्धतीत सर्वांत तेजस्वी बिंदू शोधून त्याच्या पसाऱ्याचा अल्पांश वजा केला जातो. मग उरलेल्या चित्रातील सर्वांत तेजस्वी बिंदू घ्यावयाचा. शेवटी केवळ चढउतार उरले, की थांबावयाचे आणि टिपून ठेवलेले बिंदू पुन्हा मांडावयाचे. नेमके कोठे थांबावे, यातच खरे कसब असते.

आजची काही संगणकीय साधने असंख्य चित्रांवरून शिकून हरवलेला भाग भरून काढतात. चेहरा रेखीव दिसतो. पण तो त्याच माणसाचा असेल, याची शाश्वती नसते. न्यायालयात पुरावा म्हणून आलेल्या छायाचित्राच्या बाबतीत हा भेद एखाद्याच्या आयुष्याचा प्रश्न ठरू शकतो. म्हणून प्रतिमा स्पष्ट करणाऱ्याने मूळ प्रत जपावी, केलेली प्रत्येक क्रिया नोंदवावी आणि सापडलेले कोणते व कल्पिलेले कोणते, हे प्रामाणिकपणे सांगावे.