चौदा नंबर आणि स्वयंपाकघरातला फळा



मी धारवाडमधल्या मुलींच्या एका वसतिगृहाची रेक्टर आहे. बावीस वर्षं झाली. आज मात्र मी दुसऱ्याच एका हॉस्टेलविषयी बोलणार आहे. तिथं मी स्वतः आठ रात्री राहिले, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, सहा जणींच्या खोलीत आणि वरच्या पलंगावर!

पोर्तुगालमध्ये कोइंब्रा नावाचं छोटं शहर आहे. खाली मोंदेगु नदी, वर टेकडी आणि टेकडीच्या माथ्यावर विद्यापीठ. हे विद्यापीठ १२९० मध्ये लिस्बनला सुरू झालं. मग दोन शहरांत त्याची ये-जा चालली आणि १५३७ पासून ते कोइंब्रातच आहे. वर जायला दगडी पायऱ्यांची एक गल्ली आहे. तिच्या नावाचा अर्थच ‘पाठ मोडणारी’. बॅग घेऊन चढले, तेव्हा नाव पटलं.

माझी मुलगी तिथं शिकते. तिची खोली एवढीशी, म्हणून तिनं माझी सोय हॉस्टेलमध्ये केली. म्हणाली, “आई, भिंतींवर चित्रं काढलेली असतात, रात्री गाणी चालतात. तू रागावू नकोस.” तिला आपली आई माहीत आहे. माझ्या वसतिगृहात भिंतीला खिळा ठोकला तरी दंड आहे.

पोचले तर जिन्यापासून छतापर्यंत चित्रं. कुणी नदी काढलेली, कुणी मांजर, कुणी आपल्या आजीचा चेहरा. पण मला अडवलं ते स्वयंपाकघरातल्या फळ्यानं. त्यावर रोज रात्री जेवायला असणाऱ्यांची नावं आणि पुढे कामं. कांदा कोण चिरणार, भांडी कोण घासणार. स्वयंपाक करणाऱ्यानं भांडी घासायची नाहीत, हा नियम. तिथल्या मुलानं माझं नाव विचारलं, तीनदा म्हणून पाहिलं आणि फळ्यावर लिहिलं. मग विचारलं, “तुम्ही काय करणार?” मी म्हटलं, आमटी-भात.

जेवताना कुणीतरी माझा पेशा विचारला. मी ऐटीत सांगितलं, “रेक्टर.” टेबल एकदम गप्प. एक मुलगी तर उठून उभी राहिली! तिथं रेक्टर म्हणजे विद्यापीठाचे कुलगुरू. खुलासा केल्यावर जे हसू फुटलं, त्यात माझी आमटी संपली आणि धारवाडी पेढ्यांचा डबाही.

या गावात एकत्र राहण्याची रीत जुनी आहे. विद्यार्थ्यांची काही घरं तिथं आहेत, त्यांना ‘रेपूब्लिका’ म्हणतात, म्हणजे प्रजासत्ताक. घर विद्यार्थीच चालवतात. खर्च वाटून घेतात, निर्णय बैठकीत होतात, भिंती हव्या तशा रंगवतात. आणि गंमत म्हणजे घराच्या वर्धापनदिनाला ते ‘शताब्दी’ म्हणतात. दरवर्षी शताब्दी!

आपलीही मुलं या गावात शिकून गेली आहेत. मडगावचे आदेओदातु बार्रेतु आणि पुढे गोवा मुक्तिलढ्यात तुरुंगवास भोगणारे तेलु माश्कारेन्यश, दोघेही कोइंब्रात कायदा शिकले. १९२८ मध्ये याच गावातून या मंडळींनी ‘इंदिया नोव्हा’, म्हणजे ‘नवा भारत’ नावाचं वृत्तपत्र काढलं. राज्य पोर्तुगिजांचं, गाव पोर्तुगिजांचं आणि नाव नवा भारत! घरापासून इतक्या दूर असलेली पोरं एकत्र बसली की काय उभं राहू शकतं, ते मला तिथं कळलं.

तिसऱ्या रात्री अंगणात एका विद्यार्थ्यानं कोइंब्राचा फादु गायला. तिथली जुनी पद्धत अशी की, गाणं आवडलं तर टाळ्या वाजवायच्या नाहीत, घसा खाकरायचा. सगळे खाकरले. मीही खाकरले आणि का कोण जाणे, मला रडू आलं.

का, ते सांगते. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या वसतिगृहातली एक मुलगी वर्षाच्या मध्येच निघून गेली. वडील आले, ट्रंक रिक्षात चढवली. माझ्या रजिस्टरमध्ये ती पाच महिने रोज रात्री ‘हजर’ होती. मी विचारलं, “काही त्रास होता का गं?” ती म्हणाली, “नाही मॅडम. पण इथं मला कुणी नावानं हाक मारत नाही.”

खरं होतं. आमच्याकडे हाक अशीच जाते: “चौदा नंबर, घरचे आलेत!” “चौदा नंबर, फी राहिली!” तेव्हा मी मनात म्हटलं, नाजूक आहे पोरगी. कोइंब्रात फळ्यावर माझं नाव खडूनं लिहिलेलं पाहिलं, कुणी “आज भांडी तुझ्याकडे” म्हणून मला हाक मारली, आणि ती चौदा नंबर आठवली. मला तिचं नाव आठवेना. त्या अंगणात मला रडू आलं ते त्याचं.

परत आल्यावर मी काही क्रांती केली नाही. कुलूप अजून रात्री साडेनऊलाच लागतं. मुलींची जबाबदारी आहे, ती मी सोडणार नाही. पण जेवणघरात एक फळा लावला आणि रविवारी तीन तास स्वयंपाकघर मुलींना उघडं केलं. पहिल्या रविवारी चौघी आल्या, थालीपीठ करपलं आणि गॅस जास्त जळतो म्हणून व्यवस्थापन समितीची तक्रार आली. आता पंचवीसेक जणी येतात. बाकीच्या साठ येत नाहीत. त्या का येत नाहीत, हे विचारायला आता मी खोल्यांपर्यंत जाते. नंबर बघून नाही, नाव पाठ करून.

आणि एक केलं. रजिस्टर काढून त्या मुलीचं नाव शोधलं, फोन लावला, तिला नावानं हाक मारली. ती म्हणाली, “कोण बोलतंय?”

माझ्या तोंडून सवयीनं ‘रेक्टर’ येणार होतं. मी थांबले आणि तिला माझं नाव सांगितलं.