प्रकाशाचा घण

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. विज्ञानाचे सर रजेवर असले की त्यांचा तास माझ्या गळ्यात पडतो. अशाच एका तासाला, लेसरने पदार्थ दाबतात, असे मी वाचून दाखवले. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, ऊन भिंतीवर रोज पडतं. भिंत कुठे दबते?" मी तिला खाली बसवले. मला उत्तर येत नव्हते, एवढेच खरे कारण. पुढे तिच्या अब्बांनी उलट माझीच माफी मागितली, ते मला फार लागले. म्हणून ते उत्तर आज सर्वांसमक्ष देतो.

प्रकाशाचा स्वतःचा रेटा क्षुल्लकच असतो. परंतु शक्तिमान लेसरचा झोत काही अब्जांश सेकंद एका ठिपक्यावर पडला, की तेथील पातळ थर तप्त वायू होऊन बाहेर उसळतो. आतषबाजीतला बाण मागे धूर फेकून पुढे जातो, त्याच न्यायाने उरलेला पदार्थ आत ढकलला जातो आणि ध्वनीहून वेगवान अशी आघात-लाट त्यातून धावते. घण खरा त्या वायूचा!

अमेरिकेत रॉचेस्टर येथील ओमेगा लेसरवर लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी साधे पाणी असे दाबले. एकाच तडाख्याने पाणी फार तापते, गोठत नाही. म्हणून आधी दोन हिऱ्यांमध्ये वातावरणाच्या सुमारे २५,००० पट दाबाने त्याचा बर्फ केला, मग लेसर सोडला. हे काम २०१८ साली प्रसिद्ध झाले. २०१९ च्या प्रयोगात एकामागून एक लाटा सोडून दाब दहा ते चाळीस लाख पटींपर्यंत नेला आणि क्ष-किरणांनी अणूंची मांडणीच टिपली. हा बर्फ काळा, दीड हजार अंशांहून तप्त, तरी घन! त्यात ऑक्सिजनचे अणू रांगेत उभे राहतात आणि हायड्रोजनचे कण त्यांच्यामधून वाहतात. याचे भाकीत १९८८ मध्येच झाले होते.

व्हॉयेजर-२ यानाला १९८६ मध्ये युरेनसचे आणि १९८९ मध्ये नेपच्यूनचे चुंबकीय क्षेत्र विलक्षण कललेले आढळले. त्यांच्या पोटात असाच बर्फ असावा, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

परवा तीच मुलगी पुन्हा आली. "सर, एवढ्याशा क्षणात दाब मोजतात कसा?" दुसरा, मंद लेसर त्या लाटेवर सोडतात. परतलेल्या प्रकाशातील फरकावरून लाटेचा वेग कळतो आणि वेगावरून दाब काढतात. त्याचे गणित विज्ञानाचे सर सोमवारी फळ्यावर मांडणार आहेत. मागच्या बाकावर, तिच्या शेजारी, मी बसणार आहे.